ग्रामीण नेतृत्व आणि लोकशाही : प्रा. सिरसीकरांच्या संशोधनाचे स्वरूप

स्थानिक स्वराज्याचा अभ्यास अधिनियमाच्या कलमांपाशी संपत नाही. कायद्याने निर्माण केलेल्या सत्तास्थानांवर प्रत्यक्षात कोण येतो, हे तपासल्याखेरीज तो अपुराच राहतो. ही दृष्टी महाराष्ट्रातील राज्यशास्त्रात रुजविणाऱ्या अभ्यासकांत पुणे विद्यापीठातील प्रा. व. म. सिरसीकर यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

नागपूरच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९४८ च्या अधिनियमान्वये तहसील पातळीवर जनपद सभा स्थापन झाल्या. राज्यकारभार व स्थानिक स्वराज्य यांची सांगड घालणे हा या योजनेचा हेतू होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये गट पातळीवरील समितीवर भर दिला होता. वसंतराव नाईक समितीने १९६१ च्या अहवालात जिल्ह्याला प्राधान्य दिले. त्यानुसार झालेल्या अधिनियमाखाली १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यान्वित झाल्या. सत्तेचे केंद्र कोठे असावे, याचे उत्तर असे वारंवार बदलले. परंतु ती सत्ता कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न मागेच राहिला.

सिरसीकरांनी नेमका तोच हाती घेतला. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीतील राजकीय वर्तनावरील त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. १९७० च्या ग्रंथात त्यांनी नव्या पंचायत राज्यातील ग्रामीण नेतृत्वाची सामाजिक घडण तपासली, तर १९७३ च्या ग्रंथात ते पुन्हा मतदाराकडे वळले. केवळ संस्थांचे वर्णन न करता व्यक्तींची पार्श्वभूमी, मते व आकांक्षा पाहणीद्वारे जाणून घेणे, ही त्यांची पद्धती होय.

या पाहणीतून दिसले ते असे की, नवे नेतृत्व बव्हंशी जमीनधारक, संख्येने प्रबळ अशा शेतकरी जातींतून आलेले व सहकारी संस्थांशी निगडित होते. येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. सत्तेचे विकेंद्रीकरण आणि सत्तेचे लोकशाहीकरण या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. अधिकार मुंबईहून जिल्ह्याला आले, तरी ते शेतमजुराच्या दारी पोचतीलच असे नाही. मात्र यावरून विकेंद्रीकरण निष्फळ ठरत नाही. नागरी सुशिक्षितांच्या हातची सत्ता ग्रामीण समाजाकडे सरकली, हेही तितकेच खरे.

१९९३ पासून अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महिला, अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्म्यावर नेला. सभागृहाची रचना त्यामुळे पालटली. निर्णय कोठे व कोणाच्या संमतीने होतात, हेही पालटले काय, याचा शोध गावोगावी जाऊनच घ्यावा लागतो. सिरसीकरांच्या संशोधनाने हीच वाट दाखविली आहे.