शाळेची भाषा

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडवणी हे तालुक्याचे गाव आहे. आज तेथील मराठी शाळांत हजेरी मराठीत घेतली जाते, फळ्यावर मराठी अक्षरे उमटतात आणि शाळेच्या सभेचे कामकाजही मराठीत चालते. तेथील मुलांना ही गोष्ट सूर्य उगवण्याइतकी स्वाभाविक वाटते. परंतु त्यांच्या पणजोबांच्या बालपणी तसे नव्हते.

त्या काळी बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानची बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलत असे. मातृभाषा उर्दू असणारे लोक सुमारे एकदशांश होते. तरीही कचेऱ्यांचा आणि वरच्या शिक्षणाचा कारभार उर्दूतून चाले. पहिल्या काही इयत्ता मातृभाषेतून शिकता येत; पण पुढे इतिहास, भूगोल, गणित हे विषय उर्दूतून शिकावे लागत. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हिशेब येत असे, पण प्रश्नाचे शब्दच उमगत नसत. अशाने कित्येकांची शाळा अर्ध्यावरच सुटे.

ह्यात उर्दू भाषेचा काही दोष नव्हता. ती एक समृद्ध भारतीय भाषा आहे. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देऊन देशी भाषेतही सर्व शास्त्रे शिकविता येतात, हे दाखवून दिले. उणीव होती ती वेगळीच. ज्यांची मुले शाळेत जात, त्या लोकांना शाळेच्या कारभारात आवाज नव्हता. शाळेत कोणती भाषा असावी, हे त्यांना कोणी विचारीत नसे.

तेव्हा लोकांनी स्वतःच शाळा काढल्या. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील सरस्वती भुवन आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ह्या त्यांपैकी नामांकित संस्था होत. खासगी शाळा चालविणे सोपे नव्हते. सरकारची परवानगी लागे, पैशांची चणचण असे आणि शिक्षकांना तुटपुंज्या वेतनावर राबावे लागे. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे अंबाजोगाईच्या ह्याच विद्यालयात शिक्षक होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानातील जनता मुक्त झाली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मराठी ही शाळेची आणि सरकारचीही भाषा झाली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पूर्वी जी अडचण मराठी मुलाला होती, ती आज दुसऱ्या कोणाला आहे काय?

वडवणीच्या परिसरात बंजारा समाजाचे तांडे आहेत. तांड्यावरची मुले घरी गोरमाटी बोलतात. ती आईला 'याडी' म्हणतात आणि भाकरीला 'बाटी'. शाळेत पहिल्या दिवशी त्यांच्या कानी पडणारी मराठी त्यांना पुष्कळदा नवी असते. त्यातून कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी परगावी जातात आणि मुलांची शाळा मध्येच खंडित होते. अशा मुलाला गप्प बसलेले पाहून त्याला मंद समजणे हा मोठा अन्याय होय.

आपल्या संविधानात १९५६ साली ३५०-क हा अनुच्छेद घालण्यात आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, म्हणून राज्याने सोयी कराव्यात, असे त्यात सांगितले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. त्याच कायद्याने सरकारी शाळांना व्यवस्थापन समिती नेमावयास लाविले. ह्या समितीत किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे आणि तिच्या विकासाचा आराखडा तयार करणे, ही समितीची कामे होत.

म्हणजे पूर्वी जो आवाज नव्हता, तो आज कायद्याने मिळाला आहे. पण केवळ नाव यादीत असून भागत नाही. तांड्यावरची एखादी माता सभेला आली आणि तिला तेथील भाषा अवघड वाटून ती मुकाट बसली, तर तिच्या सभासदत्वाचा उपयोग काय? तिने आपल्या बोलीत बोलावे, जाणत्याने ते मराठीत सांगावे आणि ते इतिवृत्तात लिहिले जावे. पहिलीच्या वर्गात गुरुजींनी 'आई' ह्या शब्दाशेजारी 'याडी' हा शब्द उच्चारावा. इतक्याने मराठीचे काहीच उणे होणार नाही. उलट ते मूल मराठी अधिक लवकर आणि अधिक आनंदाने शिकेल.

आपल्या भाषेला शाळेत स्थान नसणे म्हणजे काय, हे मराठवाड्याने अनुभवले आहे. म्हणून शेजारच्या मुलाची बोली ऐकून घेण्याचे कर्तव्यही त्याच्याकडे प्रथम येते.