मोठा बल्ब, बारीक वायर



गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीची ऊस वाहतूक आलीच. हेडलाइटचा उजेड पुरत नाही अशी ट्रॅक्टरवाल्यांची तक्रार आणि बाजारात त्यावर तयार इलाज, शंभर वॅटचा बल्ब. किंमत थोडी, बसवायला पाच मिनिटं. "भाऊ, रस्ता दिवसासारखा दिसतो," असं बसवणारा छातीठोकपणे सांगतो. पहिले काही दिवस दिसतोही.

मागे एका हंगामात आपल्या गाडीतळावर आम्ही जे पाहिलं ते सांगतो. नंबराची वाट पाहत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगखालून धूर यायला लागला. "काय व्हयनं भो?" म्हणत शेजारचे धावले. एकाने पान्हा घेऊन बॅटरीचं टर्मिनल सोडवलं म्हणून निभावलं. मागे दोन ट्रॉल्या ऊस, मोळ्यांना लटकलेलं वाळकं पाचट, आणि दोन्ही बाजूंना तशाच भरलेल्या गाड्या! नंतर पाहिलं तर दिव्यांच्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. मोठे बल्ब लावल्यावर फ्यूज वारंवार उडत होता, त्यावर काढलेली ही शक्कल. फ्यूज बिचारा ओरडून सांगत होता, त्याचंच तोंड बंद केलं.

हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर करंट ओढतो, दोन बल्ब १० अँपिअर. शंभर वॅटचे दोन बसवले की पावणेसतरा. पण वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट पावणेदोन पटीला थोडा कमी, उष्णता मात्र जवळजवळ पावणेतीन पट. ती जिथे जोड ढिला किंवा गंजलेला असेल तिथे जास्त साठते: स्विचमध्ये, बल्बमागच्या कपलरमध्ये, अर्थच्या नटाखाली. आधी कपलर पिवळा पडतो, मग वितळतो. वायरचं आवरण मऊ होऊन दोन वायरी एकमेकींना चिकटल्या की संपलं.

आपल्याला हे नवं नाही. विहीर लांब, मोटार पाच एचपीची आणि केबल बारीक असली तर काय होतं? केबल गरम, मोटारीला व्होल्टेज कमी, पाणी कमी. त्यावर उपाय म्हणून साडेसातची मोटार कोणी बसवत नाही! दिव्यांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

कारण मंद उजेडाचा दोष बहुधा बल्बचा नसतोच. एका जुन्या ट्रॅक्टरवर आम्ही मीटर लावून पाहिलं. इंजिन चालू, दिवे चालू, बॅटरीवर १३.६ व्होल्ट, बल्बवर ११.८. पावणेदोन-दोन व्होल्ट वाटेतच गेले. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. पण साध्या हॅलोजन बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. या गाडीचा तर चाळीस टक्क्यांच्या आसपास गेला होता. अर्थचा नट घासून घट्ट केला, कपलर बदलला, काचेवरची धूळ पुसली, आणि जुन्याच बल्बवर ड्रायव्हर खूश.

तरीही कमी पडलं तर रिले बसवावा. बॅटरीपासून अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी तांब्याची वायर काढायची, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज घालायचा, आणि ती रिलेमार्फत दिव्याला द्यायची. जुन्या स्विचने फक्त रिले चालतो, मोठा करंट स्विचमधून जात नाही. फुल आणि डिपरला एकेक रिले. बल्ब मात्र कंपनीने दिला त्याच वॅटचा.

वायर वाचली तरी समोरच्याचे डोळे राहतातच. सुरत–नागपूर रस्ता (पूर्वीचा ६ नंबर, आता ५३) पारोळा, एरंडोलवरून जातो. तिथे रात्रभर ट्रक. यावल-चोपड्याकडे केळीच्या गाड्या. शिवाय आपलीच बैलगाडी, जिला दिवाच नाही. प्रखर झोत डोळ्यांवर आला की ट्रकवाल्याला काही क्षण बैलही दिसत नाहीत आणि गाडीवानही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही झोत कायम खाली वळवलेला असावा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत, असं आहे. त्यात ट्रॉली जास्त भरली की ट्रॅक्टरचं नाक वर उचलतं आणि डिपरसुद्धा फुलसारखा वर जातो. म्हणून झोत भरलेल्या ट्रॉलीनिशी, भिंतीसमोर उभं राहून बघावा.

हल्ली एलईडी बल्ब निघालेत. ते करंट कमी घेतात, वायरीला त्रास नाही. पण हॅलोजनच्या घरात बसवले की झोत फाकतो आणि समोरच्याला तेवढाच त्रास.

मोळी टाकण्याआधीच्या आठवड्यात ट्रॅक्टर कारखान्याच्या वर्कशॉपला आणला तर वायरमन मीटर लावून बघेल. येताना ट्रॉलीचे मागचे लाल रिफ्लेक्टर पुसून आणावेत. बऱ्याच ट्रॉल्यांचे चिखलाखाली आहेत.