प्राणिपेशीतील संदेशवाहक आर.एन.ए.ची विविधता : मापन आणि त्याच्या मर्यादा

प्रास्ताविक

प्राण्याच्या शरीरातील बहुतेक सर्व पेशींमध्ये जनुकांचा संच एकच असतो. तरीही यकृताची पेशी अल्ब्युमिन हे प्रथिन मोठ्या प्रमाणावर तयार करते, चेतापेशी करीत नाही. कोणत्या जनुकांपासून संदेशवाहक आर.एन.ए. तयार होतो, यावर हा भेद मुख्यत्वे अवलंबून असतो. म्हणून पेशीत या रेणूंचे एकूण प्रकार किती आणि प्रत्येक प्रकाराच्या प्रती किती, असे दोन स्वतंत्र प्रश्न उपस्थित होतात. त्यांची गल्लत केल्यास विविधतेचे चित्र फसवे ठरते.

संकरणाच्या वेगावरून मापन

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी हजारो रेणूंचे अनुक्रम एकेक करून वाचणे शक्य नव्हते. त्यामुळे प्रकारांची संख्या अप्रत्यक्ष मार्गाने काढली जाई. १९६८ मध्ये ब्रिटन व कोहने यांनी दाखवून दिले होते की, डी.एन.ए.चे विलग केलेले धागे पुन्हा जुळण्याचा वेग अनुक्रमांच्या पुनरावृत्तीवर अवलंबून असतो. तेच तत्त्व येथे उपयोगी पडले. पेशीतील संदेशवाहक आर.एन.ए. त्याच्या पॉली-ए शेपटाच्या आधारे वेगळा करावयाचा, १९७० मध्ये शोध लागलेल्या व्युत्क्रम प्रतिलेखक विकराच्या साहाय्याने त्याच्यापासून किरणोत्सारी पूरक डी.एन.ए. तयार करावयाचा आणि तो मूळ आर.एन.ए.च्या विपुल साठ्यात मिसळावयाचा. साठ्यात प्रकार मोजके असतील, तर प्रत्येकाच्या प्रती भरपूर असतात आणि पूरक धाग्याला आपला जोडीदार लवकर सापडतो. प्रकार अनेक असतील, तर तेवढ्याच वजनाच्या आर.एन.ए.मध्ये प्रत्येकाचा वाटा घटतो व संकरण मंदावते. ज्याची व्यामिश्रता आधीच ठाऊक आहे अशा ग्लोबिनच्या आर.एन.ए.शी तुलना करून प्रकारांची संख्या काढता येते.

सर्व प्रकार समप्रमाणात असते, तर संकरण १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जाण्यास लागणारा काळ सुमारे २२ पटींच्या मर्यादेत राहिला असता. प्रत्यक्षात प्राणिपेशींचा आलेख हजारो पटींवर पसरलेला आढळतो. हा पसरटपणाच महत्त्वाचा होय. बिशप व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हेला पेशींतील संदेशवाहक आर.एन.ए.चे विपुलतेनुसार तीन वर्ग मांडले, ते त्यावरूनच.

उंदराच्या यकृताचे उदाहरण

हेस्टी व बिशप यांच्या १९७६ मधील अभ्यासातील अंदाज फार बोलके आहेत. उंदराच्या यकृतपेशीत सुमारे ९ प्रकार प्रत्येकी १२,००० प्रतींत, ७०० प्रकार प्रत्येकी ३०० प्रतींत आणि ११,५०० प्रकार प्रत्येकी अवघ्या १५ प्रतींत आढळतात. गुणाकार केल्यास एकूण सुमारे ४.९ लाख रेणू होतात. त्यांपैकी जवळजवळ २२ टक्के त्या ९ प्रकारांचेच! उलट, प्रकारांपैकी ९४ टक्के हे दुर्मिळ वर्गातील असून त्यांच्या वाट्याला सुमारे ३५ टक्के रेणू येतात.

याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. पोतेभर ज्वारीत मिसळलेला तीळ शोधण्यास मूठभर दाणे पुरत नाहीत. वरील पेशीतील १५ प्रतींचा एखादा ठराविक प्रकार निदान एकदा हाती लागण्याची ९९ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे दीड लाख रेणू तपासावे लागतात. पेशीत एकच प्रत असेल, तर साडेबावीस लाखांहून अधिक.

मर्यादा

तीन वर्ग ही आलेख बसविण्याची सोय आहे. विपुलतेची श्रेणी प्रत्यक्षात सलग असते. शिवाय या पद्धतीत मोजली जाते ती न्यूक्लिओटाइडांची एकूण व्यामिश्रता. तिला रेणूच्या गृहीत सरासरी लांबीने भागून प्रकार काढले जातात, त्यामुळे लांबी चुकली की संख्याही चुकते. मेंदूच्या ऊतीबाबत एकेकाळी एक लाखाच्या आसपासचे अंदाज केले गेले. मानवात प्रथिनांची माहिती वाहणारी जनुके सुमारे २०,००० असल्याचे पुढे स्पष्ट झाले, तेव्हा त्या आकड्यांचा अर्थ नव्याने लावणे भाग पडले. याउलट एकाच जनुकाच्या भागांची वेगवेगळी जोडणी होऊन बनणारे प्रकार संकरणात बहुधा एकच गणले जात. फळमाशीच्या डीस्कॅम या एका जनुकापासून ३८,०१६ प्रकार संभवतात, हे २००० मध्ये दाखविण्यात आले.

२००८ च्या सुमारास आर.एन.ए.चे कोट्यवधी तुकडे थेट वाचणे शक्य झाले. यामुळे दुर्मिळ प्रकार व जोडणीतील भेद दोन्ही आवाक्यात आले. एक प्रश्न मात्र उरतो. '१५ प्रती' ही ऊतीतील सरासरी आहे. प्रत्येक पेशीत १५ प्रती, की दहांपैकी एका पेशीत १५० आणि उरलेल्या नऊंत शून्य, हे ऊती वाटून केलेल्या मापनातून कळूच शकत नाही. २००९ मध्ये उंदराच्या एकेका पेशीतील संदेशवाहक आर.एन.ए. वाचण्यात आल्यापासून हा भेद तपासता येऊ लागला. परंतु एका पेशीतील सर्व रेणू पकडले जात नाहीत. त्यामुळे तेथे 'शून्य' नोंद झाल्यास तो प्रकार पेशीत नव्हता, की होता पण हाती लागला नाही, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे ठरवावे लागते.