पातळी राखतो तो काठ

प्रवाळांच्या टाकीतले पाणी रोज उडून जाते. वर प्रखर दिवे, आत पाणी ढवळणारे पंप, डोक्यावर पंखा. १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी सहज कमी होते. हिशेबाने पातळी रोज अर्धा सेंटिमीटर उतरायला हवी. पण ज्या टाकीखाली संप, म्हणजे पाणी गोळा करणारी दुसरी टाकी आहे, तिची पातळी जागची हलत नाही. बहुतेकांना ही पंपाची करामत वाटते. या छंदात इतका महाग पडणारा दुसरा गैरसमज नसेल. पातळी पंप राखत नाही, काठ राखतो.

टाकीच्या एका कोपऱ्यात काचेची आडभिंत लावून ओव्हरफ्लोचा उभा कप्पा करतात. भिंतीच्या दातेरी काठावरून पाणी या कप्प्यात सांडते आणि पाइपातून खालच्या कपाटातल्या संपमध्ये उतरते. तिथे फिल्टर, स्किमर आणि हीटर असतात. शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते पाणी पुन्हा वर चढवतो. वर जेवढे येईल, तेवढेच काठावरून खाली जाते. शिवाय सांडते ते पृष्ठभागावरचेच पाणी, त्यामुळे वर साचणारा तेलकट थर निघून जातो आणि हवा पाण्यात नीट मिसळते. धरणाचा सांडवा पावसाळ्यात हेच काम करतो: पूर कितीही येवो, पाणी सांडव्याच्या माथ्यापेक्षा फार वर चढत नाही.

‘फार’ म्हणजे किती, याचे गणित जुने आहे. अमेरिकेतल्या लोवेल गावच्या कालव्यांचे अभियंते जेम्स फ्रान्सिस यांनी काठावरून सांडणारे पाणी काटेकोरपणे मोजले आणि १८५५ साली ते प्रयोग प्रसिद्ध केले. काठावरच्या पाण्याची जाडी थोडी वाढली, की वाहणारे पाणी त्याहून जास्त पटीने वाढते. नेमके सांगायचे तर जाडीच्या दीडव्या घाताने. आपल्या टाकीला हे लावून पाहू. ३० सेंटिमीटर लांबीच्या काठावरून ताशी ३,००० लिटर पाणी जात असेल, तर काठावर ढोबळमानाने १३ मिलिमीटर पाणी उभे राहते. पंप दुप्पट ताकदीचा लावला तरी ते २१ मिलिमीटरच होते. प्रवाह दुप्पट, फरक जेमतेम आठ मिलिमीटरचा. काठ जितका लांब, तितका हा फरक आणखी कमी.

मग उडून गेलेले पाणी कुठे कमी झाले? संपच्या शेवटच्या कप्प्यात. आधीच्या कप्प्यांनाही आडकाचांचे काठ असतात, म्हणून त्यांची पातळी ठरलेली राहते. सगळी तूट एकटा पंपाचा कप्पा सोसतो. तो ३० बाय २० सेंटिमीटरचा असेल, तर तीन लिटरमागे त्याची पातळी पाच सेंटिमीटर उतरते. दोन-तीन दिवस लक्ष दिले नाही, तर पंप हवा ओढू लागतो. ही भर आरओच्या गोड्या पाण्यानेच घालायची, कारण पाणी उडते, मीठ मागे उरते. फ्लोट स्विच हे काम आपोआप करतो, पण तो अडकू शकतो. म्हणून भर घालणारे भांडे लहान असावे. एकूण ३०० लिटरच्या व्यवस्थेत २० लिटरचे अख्खे भांडे रिकामे झाले, तरी क्षार लिटरमागे ३५ ग्रॅमवरून ३३ ग्रॅमच्या आसपास येतात. २०० लिटरचा पिंप थेट जोडलेला असेल, तर प्रवाळांची आशा सोडावी.

मोठ्या मत्स्यालयांत वर टाक्या आणि खाली हौद ही मांडणी विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी रुजवली. १८७१ साली उघडलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्यांनी दर्शनी टाक्यांखाली त्यांच्याहून कितीतरी मोठा अंधारा हौद ठेवला होता. वाफेवरचे पंप त्यातले समुद्राचे पाणी वर चढवत आणि ते उताराने परत हौदात येई. १८७४ साली खुल्या झालेल्या नेपल्सच्या मत्स्यालयाची आखणीही त्यांचीच. न दिसणारे पाणी दिसणाऱ्या पाण्याहून जास्त असावे, हा त्यांचा आग्रह आजही बरोबर ठरतो.

खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. पंप थांबताच काठावरचे पाणी उतरते. त्याच वेळी रिटर्न पाइप उलटा सायफन होऊन वरचे पाणी खाली ओढू लागतो आणि त्याच्या तोंडापर्यंत पातळी उतरल्याशिवाय थांबत नाही. हे तोंड पाण्याखाली पाच सेंटिमीटर असेल, तर २७ लिटर पाणी खाली येते. पाइपातले आणि ओव्हरफ्लोच्या कप्प्यातले पाणी वेगळेच. तोंड दोन सेंटिमीटरवर आणले, तर ११ लिटरांत भागते. सायफन तोडणारे छोटे भोक शेवाळाने बुजते आणि एकतर्फी व्हॉल्व्हमध्ये चुनखडी धरते, त्यामुळे एवढ्यावर भरवसा ठेवू नये. भरवसा फक्त संपमधल्या रिकाम्या जागेचा.

उलटे संकट ओव्हरफ्लोचा पाइप तुंबल्यावर येते, कारण पंप पाणी चढवतच राहतो. यावर ‘बीनअ‍ॅनिमल’ नावाने ओळखली जाणारी तीन पाइपांची रचना मला सर्वांत शहाणी वाटते. पहिला पाइप पूर्ण भरून, आवाज न करता वाहतो. पण जवळजवळ मीटरभर उतार असलेल्या सायफनला वरच्या दोन-चार सेंटिमीटरांचा फरक जाणवतच नाही, म्हणून तो एकटा पातळी धरू शकत नाही. उरलेली बारीक धार दुसरा पाइप आपल्या काठावरून घेतो. पहिला तुंबला, की पाणी चढून दुसऱ्याची हवेची नळी बुडते आणि तोही सायफन होतो. तिसरा कोरडा, फक्त संकटासाठी. काठावर टांगायच्या यू आकाराच्या नळीत मात्र हवा साठून सायफन तुटतो, आणि पंपाला ते कळत नाही. टाकीला भोक पाडायचे नाही म्हणून ही नळी घेणे मला पटत नाही.

म्हणजे संपमध्ये वरून येणाऱ्या पाण्याला जागा हवी आणि टाकीच्या वरच्या कडेशी खालून चढणाऱ्या पाण्याला. आपल्या उदाहरणात पंपाच्या कप्प्यात १२ लिटर असतील, तर वर सव्वादोन सेंटिमीटर मोकळे हवेत. हा कप्पा मोठा करण्याचा मोह म्हणूनच आवरावा, भर रोज घालावी लागली तरी चालेल.

तेव्हा मासे आणण्याआधी, साध्या पाण्यावर, दोन चाचण्या कराच. चालू पंपाचा प्लग काढा आणि संप काठोकाठ भरतो का ते पाहा. मग ओव्हरफ्लोचे सगळे पाइप बंद करून पंप कोरडा पडेपर्यंत चालवा. दोन्ही वेळा फरशी कोरडी राहिली, तरच टाकीत जीव सोडा.