नकार द्या, पण कारण लिहून द्या!

गेल्या महिन्यात चळवळीतील आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा संध्याकाळी ऑफिसवर आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "जय भीम काका," म्हणून समोर बसला आणि पिशवीतून कागदांची चळत काढून टेबलावर ठेवली. आम्हाला वाटले, ॲडमिशनचे किंवा शिष्यवृत्तीचे प्रकरण असेल. निघाले भलतेच! त्याने लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमसाठी एक ड्रायव्हर लिहून पाठवला होता. तो स्वीकारला गेला नाही. उलट चौदा हरकती लावून परत आला. पोराचा चेहरा उतरलेला. म्हणाला, "काका, दोन महिने खपलो. माझ्या मशीनवर व्यवस्थित चालतो. तरी नाकारला. हा अन्याय नाही का?"

आम्ही पडलो वकील. कॉम्प्युटर आम्हाला अर्ज टाईप करण्यापुरता कळतो. पण हरकती वाचणे हा आमचा रोजचा धंदा आहे. एखादी फाईल वाचावी तसे ते कागद आम्ही वाचले, अडेल तिथे त्यालाच विचारले. आणि जे समजले, ते वाचकांपुढे ठेवण्यासारखे आहे असे वाटले, म्हणून हा लेख.

ड्रायव्हर म्हणजे काय? कॉम्प्युटरला जोडलेली प्रत्येक वस्तू, मग तो प्रिंटर असो, कॅमेरा असो की कीबोर्ड, आपापली बोली बोलते. ती बोली ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला समजावून सांगणारा जो दुभाषी, तो ड्रायव्हर. या गाभ्याला कर्नेल म्हणतात. लिनक्सचा कर्नेल लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना लिहायला घेतला. आज आपल्या खिशातला अँड्रॉइड मोबाईल याच कर्नेलवर चालतो, आणि त्याच्या कोडचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचाच आहे. एखादा साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हर मात्र गाभ्याच्या आत बसून काम करतो. तो चुकला तर अख्खी मशीन कोसळू शकते. कोर्टात दुभाषाने एक शब्द चुकीचा सांगितला, तर निरपराध माणूस आत जाऊ शकतो. म्हणून दुभाषाची पारख आधीच करावी लागते. तीच ही तपासणी.

या मुलाचा ड्रायव्हर तापमान आणि आर्द्रता मोजणाऱ्या एका लहानशा सेन्सर चिपचा. जेमतेम चारशे ओळी. हरकती अशा होत्या: चिपने उत्तरच दिले नाही तर तुमचा कोड कायमचा वाट पाहत बसेल, त्याला मुदत घाला. सुरुवात करताना मध्येच काही बिघडले तर चालू केलेला वीजपुरवठा बंद कोण करणार? एकाच पॅचमध्ये तीन वेगळे बदल आहेत, तीन पॅच करा. हा बदल का हवा, हे वर लिहिलेले नाही. आणि सर्वांत महत्त्वाची हरकत ही, की तापमान अंशाच्या हजाराव्या भागात सांगण्याची तिथे ठरलेली पद्धत आहे. तुम्ही मात्र नाव वेगळे काढले आणि एककही वेगळे काढले. हे वरवर क्षुल्लक वाटते. परंतु एकदा का लोकांचे प्रोग्रॅम त्या नावावर आणि त्या आकड्यावर अवलंबून राहिले, की ते बदलता येत नाही. कारण काल चालणारा प्रोग्रॅम आज कर्नेलच्या बदलामुळे बंद पडता कामा नये, हा लिनक्सचा कडक दंडक आहे.

आम्ही त्याला विचारले, "यातली कोणती हरकत तुझ्या नावावर आहे? गावावर आहे? कॉलेजवर आहे?" त्याने कागद पुन्हा चाळले. एकही नव्हती. "मग चिडलास कशाला?" तर म्हणाला, "दोन शब्द कौतुकाचे नाहीत, काका."

येथेच नीट विचार करण्याची गरज आहे. नकार म्हणजे अन्याय नव्हे. कारण न सांगता दिलेला नकार, बंद दाराआड दिलेला नकार आणि परत येण्याची वाट बुजवणारा नकार, हा अन्याय असतो. मनेका गांधी यांचा पासपोर्ट १९७७ मध्ये सरकारने जप्त केला आणि कारण विचारले तेव्हा "जनहित" एवढे म्हणून ते सांगण्यास नकार दिला. १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याचा हक्क असा काढून घेता येत नाही, हे तत्त्व पक्के केले. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल पाठ करतात. पण कारणासह, उघडपणे नकार देण्याची सवय ज्यांनी स्वतःहून लावून घेतली, अशी ठिकाणे किती सापडतील?

याचे मोठे उदाहरण पाहू. एएमडी ही प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बनवणारी बलाढ्य अमेरिकन कंपनी. मॉनिटरवर चित्र उमटवणारा नवा ड्रायव्हर कोड तिने २०१६ मध्ये लिनक्सला देऊ केला. सुमारे एक लाख ओळी! कर्नेलच्या ग्राफिक्स विभागाचे मेंटेनर, म्हणजे त्या विभागाची जबाबदारी सांभाळणारे, डेव्ह एअरली. त्यांनी फेब्रुवारीतच हरकत घेतली होती. डिसेंबरमध्ये कंपनीने पुन्हा विचारणा केली, तेव्हा त्यांनी चक्क 'नाही' म्हणून सांगितले. सर्वांसमोर आणि कारणांसह.

कारण काय? कंपनीचा तोच कोड विंडोजवरही चालायचा होता, नव्या चिपची चाचणी घेतानाही वापरायचा होता. म्हणून तिने मूळ कोड आणि लिनक्स यांच्यामध्ये एक जाड पडदा घातला होता. कंपनीच्या दृष्टीने ती सोय होती. परंतु ग्राफिक्स विभागात अनेक कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र नांदतात. सामाईक भागात काही बदलायचे झाले, तर प्रत्येक ड्रायव्हर उघडून दुरुस्त करावा लागतो. पडद्यामागचा कोड त्या कंपनीच्या माणसांखेरीज कोण वाचणार? कंपनीतली माणसे बदलतात, कंपनीचे धोरण बदलते. कोड मात्र वर्षानुवर्षे गाभ्यात राहतो आणि निस्तरणे मागे राहिलेल्यांच्या वाट्याला येते.

कंपनीचे अभियंतेही गप्प बसले नाहीत. आमचा गट लहान आहे, प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळा कोड लिहिणे परवडत नाही, असे त्यांनीही उघडपणेच मांडले. आम्हाला त्यांचे म्हणणे अगदीच गैर वाटत नाही. नकाराची किंमत सामान्य ग्राहकानेही मोजली. २०१७ मध्ये बाजारात आलेली एएमडीची वेगा कार्डे ज्यांनी घेतली, त्यांना लिनक्सच्या मूळ कर्नेलवर मॉनिटर चालवता येत नव्हता. तरीही एअरली यांनी माघार घेतली नाही. आपण कोणत्याही हार्डवेअर कंपनीचे नोकर नाही ते यासाठीच, की कंपन्यांची माणसे जेव्हा 'नाही' म्हणू शकत नाहीत तेव्हा आपल्याला म्हणता यावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कोणीही आपल्याच दाव्यात न्यायाधीश होऊ नये, हे कायद्याचे जुने तत्त्व यापेक्षा वेगळे काय सांगते?

पुढे काय झाले? कंपनीने जवळजवळ वर्षभर खपून कोड बदलला. पडदा पुष्कळसा काढला. ज्या दुरुस्त्या राहिल्या त्यांची यादी करून कोडच्या सोबतच ठेवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो कोड घेतला गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ या आवृत्तीतून जगभर गेला. ओळी तेव्हाही लाखाहून जास्तच होत्या. म्हणजे भांडण आकाराचे नव्हते. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला जी कसोटी, तीच शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला!

वकील म्हणून आम्हाला आणखी एक गोष्ट भावली. तिथे प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याची सही लागते. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला, की आमच्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घुसवला. तेव्हा कोणती ओळ कोणी दिली, हा प्रश्न ऐरणीवर आला. २००४ मध्ये नियम झाला: हा कोड मी लिहिला आहे किंवा तो देण्याचा मला अधिकार आहे, असे प्रत्येकाने आपल्या नावानिशी लिहून द्यावे. ना स्टॅम्पपेपर, ना नोटरी. पण ती नोंद जाहीर राहते. तपासणाराही आपले नाव लावतो. म्हणजे साक्षीदारही ठरला. पूर्वी तिथे खरेच नाव लागत असे. २०२३ मध्ये शब्द बदलले. आता माणूस ओळखीचा असला म्हणजे झाले, निनावी मात्र चालत नाही. आडनाव सांगताच समोरच्याच्या कपाळावर आठी उमटते, हा अनुभव घेतलेल्या आमच्या वाचकांना या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको.

पण म्हणून तिथे सर्व आलबेल आहे, असे समजू नये. कित्येक वर्षे नकारासोबत शिवीगाळही मिळत असे, आणि त्यात खुद्द टोरवाल्ड्स आघाडीवर होते. कोड चुकीचा आहे हे सांगणे वेगळे आणि माणूस बिनडोक आहे असे म्हणणे वेगळे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली, काही काळ कामातून बाजूला झाले आणि त्याच वेळी कर्नेलसाठी आचारसंहिता आली. उशीर झाला, पण झाले.

२०२५ च्या सुरुवातीला दुसरा पेच उभा राहिला. मेमरीच्या चुका आधीच पकडणाऱ्या रस्ट या भाषेत ड्रायव्हर लिहिता यावेत म्हणून एक दुवा लिहिला गेला. उपकरणाने प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत माहिती ठेवण्याची जी सोय असते, तिच्यापर्यंत पोहोचवणारा हा दुवा. ती सोय सांभाळणारे मेंटेनर क्रिस्टोफ हेलविग यांनी विरोध केला. कर्नेल दोन भाषांचा झाला तर सांभाळणे अशक्य होईल, हे त्यांचे कारण. कारण लिहून दिले होते, प्रामाणिकही होते. परंतु टोरवाल्ड्स यांनी सांगितले, की हा पॅच तुमच्या कोडला हातच लावत नाही. तुमचा कोड कोणी वापरावा हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर हुकूम अधिकारक्षेत्राबाहेरचा ठरला! हेलविग यांनी पुढे त्या जबाबदारीतून स्वतःचे नाव काढले. एक जाणकार माणूस बाजूला झाला, याचे वाईट वाटते. पण कारण दिले म्हणजे अधिकार अमर्याद होतो, असे नाही.

आणि ऑक्टोबर २०२४ मधली घटना तर आम्हाला सर्वाधिक खटकते. रशियाशी संबंध असलेल्या सुमारे डझनभर मेंटेनरांची नावे यादीतून काढली गेली. त्यांत बरेच जण ड्रायव्हरच सांभाळणारे होते. कारण म्हणून काय लिहिले? नियमपालनाच्या निरनिराळ्या अटींमुळे! बस्स, एवढेच. युक्रेन युद्धानंतरचे अमेरिकेचे निर्बंध त्यामागे आहेत, हे काही दिवसांनी दुसऱ्या एका ज्येष्ठ मेंटेनरने खुलासा केला तेव्हा नीट कळले. कायद्याने हात बांधलेले असू शकतात, हे आम्ही समजू शकतो. परंतु कायद्याने तोंडही बांधले होते काय? ज्या जागी चारशे ओळींच्या ड्रायव्हरला चौदा कारणे मिळतात, तिथे वर्षानुवर्षे राबलेल्या माणसांना एक धड वाक्य मिळू नये? "नियमपालन" आणि १९७७ चे "जनहित" यांत फरक तो काय?

म्हणजे एकाच ठिकाणी दोन्ही पाहायला मिळते. जिथे कारण दिले तिथे भांडण होऊनही काम सुधारले. जिथे कारण गिळले तिथे विश्वास गेला.

आपल्याकडे तर हा नुसता शिष्टाचार नाही, कायदा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ (१) (घ) प्रमाणे प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. मागावी लागू नयेत, त्यांनीच द्यावीत! पण आमच्या टेबलावर येणाऱ्या दहा अर्जांतले नऊ अर्ज "अमान्य" या एका शब्दाने परतलेले असतात. तेव्हा वाचकहो, तुमचा अर्ज नाकारला गेला तर रडत बसू नका, कारण लेखी मागा. आणि एखाद्या संस्थेत, समितीत, वसतिगृहात नकार देण्याची खुर्ची तुमच्या वाट्याला आली, तर कारण लिहिल्याशिवाय सही करू नका.

तो मुलगा परवा पुन्हा येऊन गेला. चौदापैकी बारा दुरुस्त्या करून त्याने दुसरी आवृत्ती पाठवली आहे. उरलेल्या दोन हरकती त्याला पटल्या नाहीत. त्या का पटल्या नाहीत, ते त्याने मुद्देसूद लिहून कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही. ड्रायव्हर घेतला जाईल की नाही, आम्हाला ठाऊक नाही. पण या वेळी त्याने "अन्याय" हा शब्द उच्चारला नाही. जाताना एवढेच म्हणाला, "काका, तिसरी आवृत्ती करावी लागली तरी चालेल."