मेंदूची कांडी

मूल कानाचे किंवा जबड्याचे व्यंग घेऊन जन्मले, की आपल्याकडे पहिली झडती आईची होते. ‘ग्रहणात विळी हाती घेतली होतीस का?’ या प्रश्नाचे उत्तर पंचांगात न शोधता आम्ही आज ते कोंबडीच्या अंड्यात शोधणार आहोत.

उबवणीच्या दुसऱ्या दिवशी अंडे फोडून गर्भाच्या मेंदूचा मागील भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तो सलग दिसत नाही. एकामागून एक अशी सात-आठ कांडी दिसतात. कागलच्या श्रोत्यांना उसाचे कांडे समजावण्याचे धाडस आम्ही करणार नाही! या नुसत्या सुरकुत्या असाव्यात, असा संशय पुष्कळ काळ होता. १९८९ साली लम्सडेन व कीन्स यांनी तो फेडला. दुसऱ्या-तिसऱ्या कांड्यातून जबड्याच्या मज्जातंतूचे मूळ निघते, चौथ्या-पाचव्यातून चेहऱ्याच्या, असे त्यांना आढळले.

कांडी पडतात कशी? पेशी-पेशीत जनुके सगळीच असतात. जागे कोणते नि निजलेले कोणते, एवढाच भेद. त्याच वर्षी उंदराच्या गर्भात दिसले की, ‘क्रॉक्स-२०’ हे जनुक तिसऱ्या व पाचव्या कांड्यात जागे असते, मधले चौथे कोरे. १९९३ साली ते जनुक मोडलेल्या उंदरांत नेमकी हीच दोन कांडी नाहीशी झालेली आढळली. याहून नवल ‘हॉक्स’ जनुकांचे. गुणसूत्रावर ती ज्या क्रमाने बसलेली, त्याच क्रमाने ती डोक्याकडून शेपटीकडे कामास लागतात. पंगतीत वाढण्याचा क्रमही इतका काटेकोर नसतो.

मेंदूच्या पुढील भागात कांड्यांचा हिशेब इतका सरळ नाही. तेथे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने २००८ साली दाखविले की, ‘एलएचएक्स-२’ हे जनुक गमावलेल्या पेशी आपला धर्म सोडून, शेजाऱ्यांकडून स्मृतिकेंद्र घडवून घेणाऱ्या मुकादम बनतात.

आता विळीकडे वळू. मागील मेंदूच्या कांड्यांतून निघालेल्या पेशी खाली उतरून जबडा व कान यांचा पाया घालतात. माणसात कांडी पडतात ती गर्भाच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरवडा लोटलेला असतो. कानाची घडण दुसऱ्या महिन्यात सुरू होते. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाला मागे जाऊन तेथे हात घालता येत नाही. पुष्कळ व्यंगांमागे जनुकातलाच फरक असतो. त्यात आईचा काय अपराध? जपायचे ते दुसरीकडे. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे एक आम्ल हॉक्स जनुकांना जागे करते, आणि त्याचे प्रमाण चुकले की क्रम बिघडतो. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन ही गोळी त्याच गोत्रातली. म्हणून दिवस असताना ती वर्ज्य, आणि ती घेणाऱ्या स्त्रीने गर्भ राहण्यापूर्वीच, किमान महिनाभर आधी, थांबवावयाची असते.