बोलणारे प्राणी का आठवतात?

रात्री साडेअकराला घर झोपलेले असते आणि चाळिशीतला एखादा गृहस्थ मोबाइलवर ‘जंगल बुक’चे शीर्षकगीत शोधत असतो. दुसऱ्या दिवशी हे सांगताना तो थोडा ओशाळतो. त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. मात्र मन त्या वेळी नेमके काय शोधते आहे, हे समजून घेणे आरोग्याच्या दृष्टीने उपयोगाचे आहे.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द मुळात एका आजाराचे नाव होता. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकीय विद्यार्थ्याने बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात तो पहिल्यांदा वापरला. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. घरापासून दूर गेलेले लोक झुरतात, त्यांची झोप उडते, अन्नावरची वासना जाते, अशी लक्षणे तेव्हा नोंदवली जात. आज मानसशास्त्र याला आजार मानत नाही. मराठीत आपण त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो, आणि त्यातले ‘रंजन’ आधुनिक संशोधनाशी जुळणारे आहे.

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील टिम विल्डशट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये यावर एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांनी लिहिलेल्या अशा आठवणी तपासल्यावर दोन गोष्टी पुढे आल्या. एक, उदासी आणि एकटेपणा हे स्मरणरंजनाला चालना देतात. दोन, त्या आठवणींत माणूस सहसा एकटा नसतो. त्याच्या भोवती जवळची माणसे असतात. अशी आठवण जागी झाल्यावर आपले कोणीतरी आहे ही भावना वाढते. थोडक्यात, एकटेपणावर मनाने शोधलेला हा घरगुती उपाय आहे.

आता ‘जंगल बुक’कडे पाहू. किपलिंगचे पुस्तक १८९४ चे. जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये त्यावरून ५२ भागांची मालिका केली आणि १९९३ मध्ये ती हिंदीत दूरदर्शनवर आली. गीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. कथेतल्या सिवनीच्या जंगलाला लागून असलेले पेंच अभयारण्य आपल्या नागपूर जिल्ह्यातही पसरले आहे. पण ही मालिका मनात रुतली ती एवढ्यामुळेच नव्हे. बऱ्याच घरांत तेव्हा दूरदर्शनशिवाय दुसरी वाहिनी नव्हती, कित्येकांकडे टीव्हीच नव्हता. रविवारी सकाळी शेजारच्यांच्या घरात मुले दाटीवाटीने बसत. त्यामुळे बघीरा आठवला की सोबत भावंडे, शेजारच्या काकू आणि स्वयंपाकघरातून येणारा पोह्यांचा वासही आठवतो.

मग प्राणीच इतके का चिकटून राहतात? याचे एक उत्तर मेंदूच्या सवयीत आहे. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात फक्त दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडून तिकडे हलत होते. तरीही बहुतेकांनी ‘मोठा त्रिकोण दादागिरी करतो, छोटा पळतो’ अशी गोष्ट सांगितली. साध्या आकृतीतही मन शोधणारा मेंदू बोलणाऱ्या अस्वलाला सहज आपला माणूस मानतो. काऊ-चिऊच्या आणि भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलांना तर याचे मुळीच नवल वाटत नाही.

दुसरे उत्तर चेहऱ्यात आहे. मोठे डोके, मोठे डोळे आणि गोबरे गाल पाहिले की आपल्यात जपण्याची भावना जागी होते, असे कोनराड लोरेन्झ यांनी मांडले होते. स्टीफन जे गूल्ड यांनी १९७९ मध्ये मिकी माउसच्या जुन्या-नव्या चित्रांची मापे घेऊन दाखवले, की वर्षे गेली तसा मिकी अधिकाधिक बाळासारखा होत गेला.

तिसरे उत्तर आवाजाचे. हॅना-बार्बेरा कंपनीने टीव्हीसाठी कमी खर्चात कार्टून केली तेव्हा चित्रांची संख्या कमी ठेवावी लागली. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आहे ती त्यासाठीच; धड तसेच ठेवून फक्त डोके नव्याने काढता येई. हालचाल कमी झाल्यावर व्यक्तिरेखा उभी करण्याचे काम आवाजावर आले. ओळखीच्या सुरांनी जुनी आठवण जागी होते तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातील, स्वतःविषयीच्या विचारांशी संबंधित भाग सक्रिय होतो, असे पेत्र यानाटा यांनी २००९ मध्ये दाखवले. शीर्षकगीत सुरू होताच अंगावर काटा का येतो, याचा काहीसा उलगडा यातून होतो.

या औषधाची मात्रा मात्र सांभाळावी. सतत काळजी करण्याची सवय असलेल्यांना जुन्या सुखाची आठवण आजच्याशी तुलना करायला लावते आणि मन अधिक खट्टू होऊ शकते. रोज रात्री झोप मोडून जुने भाग पाहावेसे वाटत असतील, दिवसा कशातच रस वाटत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर डॉक्टरांशी बोलावे.

मुलांच्या बाबतीतही तारतम्य हवे. ‘आमच्या वेळची कार्टून चांगली’ म्हणून लहानग्याच्या हाती मोबाइल देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. शिवाय बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टींतून लहान मुले खऱ्या प्राण्यांविषयी चुकीच्या समजुती करून घेऊ शकतात, असे टोरांटो विद्यापीठातील पॅट्रिशिया गानिया यांच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून शेजारी बसावे आणि खरा वाघ कसा राहतो, हेही सांगावे.

मोठ्यांनीही शक्यतो एकट्याने पाहू नये. बघीरा आठवला, तर तेव्हा मांडीला मांडी लावून बसलेल्या बहिणीला किंवा मित्राला फोन करावा. मन ज्याच्या शोधात असते, ते बहुधा फोनच्या त्या टोकाला सापडते.